सातवी रास

ज्या कर्माला अग्नी साक्षी असतो, ते खेळ म्हणून केले तरी कर्मच राहते, की खेळाच्या अंगणात शिरताच अग्नीही नुसता जाळ होऊन बसतो, याचा निवाडा थोरामोठ्यांनाही सहजी करता आलेला नाही. ज्याला ते कर्मच वाटते त्याने आपला नेम पाळावा. त्याला कोणी दोष देऊ नये. परंतु एकाने मनात जपलेल्या नेमाचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या माथी येऊ लागले, तर नेम पाळणारा धर्माच्या बाजूला उभा आहे की केवळ आपल्या सोवळ्याच्या? बोरिवलीच्या बाभईत राहणाऱ्या शिवदास गुरुजींपुढे हा प्रश्न एका सकाळी दत्त म्हणून उभा राहिला, आणि तोही कोणा देवळात नव्हे, तर चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या शेडमध्ये पूर्वी प्लास्टिकच्या बादल्या बनत. आता तिथे दूरचित्रवाणीच्या एका मालिकेसाठी प्लायवूडचा दिवाणखाना, प्लायवूडचे देवघर आणि झेंडूच्या माळांनी मढवलेला लग्नमंडप उभा होता. मालिकेचा दिग्दर्शक कृणाल हा तरुण, घाईचा आणि बोलायला फटकळ. पण कामावर त्याचे प्रेम होते. आदल्या एका मालिकेत भटजी झालेल्या नटाने मंत्रांच्या जागी काहीबाही पुटपुटले आणि प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हजेरी घेतली, तेव्हापासून त्याने ठरवले होते की यापुढे गुरुजी खरे, होम खरा आणि मंत्रही खरे. म्हणून शिवदास गुरुजींना पाचारण झाले. गुरुजी आधी संकोचले. पुढे त्यांना वाटले, शुद्ध उच्चार चार घरी ऐकू जात असेल तर त्यात वाईट काय? त्यांनी होकार दिला.

होकार देताना एक गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नाही. विद्यार्थिदशेत त्यांच्या गुरूंनी बजावले होते, "शिवदास, कधी नाटकात लग्न लावायची पाळी आली तर लाव. कला हीदेखील सरस्वतीच. पण सातवे पाऊल पडू देऊ नकोस. सहाव्यापर्यंत माणूस माघारी येऊ शकतो. सातव्यानंतर वाट राहत नाही."

सप्तपदी कोणी पाहिली नाही? होमाच्या उत्तरेला तांदळाच्या सात राशी मांडतात, प्रत्येकीवर एक सुपारी ठेवतात, आणि वराचा हात धरून वधू उजव्या पायाने एकेक रास मोडत पुढे जाते. प्रत्येक पावलाचा मंत्र वेगळा. सातवा मंत्र सख्याचा, म्हणजे मैत्रीचा. तो उच्चारला गेला आणि रास मोडली की विवाह सिद्ध झाला. आता मालिकेतली वधू झालेली रुचिका हिचे स्वतःचे लग्न येत्या मार्गशीर्षात ठरलेले होते, दुसऱ्याच एका मुलाशी, आणि ते लावण्याची विनंती तिने गुरुजींनाच केली होती. वर झालेल्या विकीच्या घरी तर बायको आणि रांगते मूल. या दोघांचे सातवे पाऊल आपण अग्नीसमोर टाकायला लावले, तर मार्गशीर्षात त्याच मुलीचे कन्यादान कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून लग्नाच्या चित्रीकरणात गुरुजींनी एक युक्ती केली. सहावे पाऊल झाले, तसे ते म्हणाले, "हे पुन्हा एकदा घेऊ या." रास पुन्हा मांडली, सुपारी ठेवली, सहावाच मंत्र पुन्हा म्हटला, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने ते पाऊल वरून टिपले. मग हात जोडून ते शांतपणे म्हणाले, "आता आशीर्वाद." दिवे, धूर, पाचशे सूचना आणि सनईचा कल्लोळ यांत कोणालाच काही कळले नाही. संकलकाने सहाव्या पावलाची दोन दृश्ये एकापुढे एक लावली, ती सहा आणि सात म्हणून खपून गेली. गुरुजी खोटे बोलले नव्हते. एवढ्यावर समाधान मानून ते घरी गेले आणि गाढ झोपले.

लग्नाचा भाग रविवारी दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायणाच्या एका दृश्यासाठी गुरुजी पुन्हा चारकोपला आले, तो शेडच्या दारातच त्यांना गलका ऐकू आला.

"फोनवर फोन येतायत चॅनेलचे!" कृणाल ओरडत होता. "घाटकोपरच्या कुठल्या तरी बाईंनी फोटो टाकलाय. आशीर्वादाचा शॉट. मागे एक रास जशीच्या तशी! सुपारीसकट! वर लाल गोल करून लिहिलंय, 'यांचं लग्न लागलंच नाही.' हजारो लोक हसतायत, तेजल, हजारो!"

"मला दिसतंय," तेजल म्हणाली.

"आता दिसतंय? तेव्हा कुठे होतीस?"

तेजल ही त्या मालिकेची कंटिन्युटी सांभाळणारी मुलगी. मुलुंडहून रोज येई. एकाच प्रसंगाचे तुकडे मागेपुढे, निरनिराळ्या दिवशी चित्रित होत असतात. त्यांत नायिकेची वेणी उजव्या खांद्यावरून आपोआप डाव्यावर जाऊ नये, अर्धा प्यालेला चहा पुन्हा भरून येऊ नये, रडून सुजलेले डोळे दार ओलांडताच ताजेतवाने होऊ नयेत, हे पाहणे तिचे काम. हातात टॅबलेट, त्यात प्रत्येक दृश्याची छायाचित्रे, आणि नजर घारीची. आजवर तिच्या हातून एक टिकलीसुद्धा सरकली नव्हती.

"आणि रासच नाही फक्त," कृणाल थांबायला तयार नव्हता. "कोणीतरी मंत्र लावून ऐकलेत. म्हणे सहावा दोनदा म्हटलाय, सातवा गायब. मी सगळीकडे सांगत सुटलो होतो, आमच्याकडे सगळं खरं! काय वाट लागली माझ्या शब्दाची! रात्री लग्नाचा भाग पुन्हा दाखवणारेत. त्याआधी सातवं पाऊल हवं, मंत्रासकट. आणि उद्यापासून कंटिन्युटीला दुसरी मुलगी येतेय. मी बोललोय तिच्याशी."

तेजलने टॅबलेट छातीशी धरला आणि मंडपाच्या मागल्या बाजूला, जिथे केळीचे खुंट टेकवून ठेवले होते, तिथे जाऊन उभी राहिली. गुरुजी तिच्यामागून गेले. आपल्या अंगावरचे उपरणे त्यांना एकाएकी जड वाटू लागले होते.

"तेजल."

तिने टॅबलेट त्यांच्यासमोर धरला. दोन छायाचित्रे शेजारी शेजारी होती. "ही सहावी रास. आणि ही पण सहावीच. सुपारीवरचा हा काळा डाग बघा. तुम्ही दोनदा मांडलीत. मला वाटलं अँगलसाठी." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मुद्दाम केलंत ना?"

गुरुजींनी होकाराची मान हलवली. गुरूंचे शब्द, रुचिकाचा मार्गशीर्ष, विकीचे घर, सारे त्यांनी तिला सांगितले. तिने मधे एकदाही अडवले नाही. सांगून झाल्यावर त्यांना वाटले, आता ही रडेल किंवा संतापेल. तिने कपाळावर हात मारला.

"अहो गुरुजी, मग मला सांगायचं ना!"

"तुला?"

"मला नाही तर कोणाला? मी आशीर्वादाच्या शॉटआधी हळूच हाताने रास मोडून ठेवली असती. सुपारी लवंडून दिली असती. रास दिसली नसती तर मंत्र कोण मोजत बसलं असतं? कुणाच्या बापाला कळलं नसतं! तुमचा नेम पण राहिला असता आणि माझी नोकरी पण."

इतके सोपे होते ते! नेमात काही चुकले नव्हते. जिच्याबरोबर काम करायचे तिच्यापासून तो लपवला, तिथे चुकले होते. आणि हे कळूनही ही मुलगी कृणालसमोर एक शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर तिची सुटका तिथल्या तिथे झाली असती.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"जिथे बोलायला हवे तिथे."

मंडपात सगळे जमले होते. रुचिका अर्धी वधू आणि अर्धी विजारीत, हातात वडापाव. विकी मुंडावळ्या गळ्यात अडकवून मोबाईलवर विनोद वाचून दाखवत होता. गुरुजी होमकुंडापाशी जाऊन उभे राहिले आणि मंत्राला लावतात त्या खड्या आवाजात म्हणाले, "कृणालराव, तेजलची चूक नाही. रास मी राखली. जाणूनबुजून."

"राखली म्हणजे?"

"म्हणजे मोडू दिली नाही."

त्यांनी कारण सांगितले. विकी म्हणाला, "थँक्यू गुरुजी! बायकोला कळलं असतं ना, सातव्या पावलानंतर तिने मला घराबाहेर आठवं टाकायला लावलं असतं."

हशा पिकला, पण रुचिका हसली नाही. तिने वडापाव कागदात गुंडाळून खाली ठेवला. "माझ्यासाठी थांबलात तुम्ही?" ती म्हणाली. "आईने मला विचारलं होतं, गं, हे सगळं खऱ्या मंत्रांनी करतेस, चालतं का? मी म्हटलं, काही होत नाही गं आई. रात्री मात्र झोप नव्हती लागली मला."

कृणालने दोन्ही हातांनी डोके धरले होते. "हे सगळं छान आहे. भावना वगैरे. पण मला संध्याकाळपर्यंत सातवं पाऊल द्यायचंय. गुरुजी, पाया पडतो, एकदा होऊन जाऊ दे. एक पाऊल!"

"ते माझ्याने होणार नाही."

"मग दुसऱ्या गुरुजींना बोलावतो."

"बोलवा. पण तेजलला काढू नका."

"आवाज जुळायला हवा ना! अख्ख्या लग्नाला तुमचा आवाज आहे. सातव्या पावलाला भलताच आवाज आला तर घाटकोपरच्या बाई मला सोडतील?"

अशी कोंडी झाली. बाहेर शेजारच्या कारखान्याची यंत्रे धडधडत होती, आत झेंडू सुकू लागला होता. तेवढ्यात तेजल, जी इतका वेळ टॅबलेटवर बोट फिरवत होती, एकदम म्हणाली, "थांबा. सहाही पावलांच्या क्लोजअपमध्ये चेहरे नाहीतच."

"मग?"

"फक्त पाय आहेत. शालूचा काठ, पीतांबराचा काठ, रास. पाय कोणाचे ते कोण ओळखणार? गुरुजींची हरकत एवढीच ना, की सातवं पाऊल ज्यांचं लग्न नाही त्यांनी टाकू नये?" ती गुरुजींकडे वळली. "आणि ज्यांचं झालंय त्यांनी टाकलं तर?"

गुरुजींनी विचार केला. घाईने उत्तर देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "दोष नाही," ते म्हणाले. "जे सिद्ध आहे, ते पुन्हा म्हटल्याने मोडत नाही. उलट..." ते थांबले.

"मंत्र तर तुमच्याच आवाजात हवा," तेजल म्हणाली. तिचे डोळे लकाकू लागले होते. "गुरुजी, काकू आत्ता काय करतायत?"

आधी कोणाला उमजले नाही. उमजले तसा विकी टाळ्या पिटत उठला आणि कृणाल किंचाळला, "वेड लागलंय का तुला? वधू पंचविशीची आहे!"

"पाय मी जुळवते. ते माझं काम आहे."

गुरुजींच्या पत्नी जानकीकाकू बाभईच्या घरी कुळीथ निवडत बसल्या होत्या. फोन लाऊडस्पीकरवर टाकला गेला.

"अगं, जरा चारकोपला यायचं आहे."

"का हो? पंचपात्री विसरलात?"

"नाही. सप्तपदी घालायची आहे."

"कोणाची?"

गुरुजी चाचरले. सारी शेड कान टवकारून उभी होती. "आपली."

पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की फोन कापला गेला असे वाटले. मग आवाज आला, "अहो, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी तेजलनेच फोन घेतला आणि सारा प्रकार समजावला. जानकीकाकूंनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे ह्यांच्या हट्टापायी तुझी नोकरी जातेय?" आणि तेजल काही म्हणायच्या आत, "आले. रिक्षा पकडते. कुळीथ भिजायचे राहिले तर राहू देत."

त्यानंतर त्या शेडमध्ये जी धांदल उडाली, तिला खऱ्या लग्नघराचीच उपमा शोभेल. तेजलने टॅबलेट टेबलावर उभा केला आणि सेनापतीप्रमाणे एकेक हुकूम सोडू लागली. होमातली समिधा इतकीच हवी, धूर डावीकडून यायला हवा, तिसऱ्या राशीचे तांदूळ पीतांबराच्या बाजूला सांडलेले आहेत ते तसेच सांडा, चौथीजवळ गुलाबाच्या पाकळ्या कमी आहेत, पाचवीची सुपारी उलटी. कला विभागातली माणसे गुडघ्यांवर बसून मोडक्या राशी तितक्याच मोडक्या मांडत होती. चांगली रास मांडणे कठीण नाही. मागे मोडलेली रास आज तशीच मोडून मांडणे, ही विद्या गुरुजी प्रथमच पाहत होते. ते कौतुकाने बघतच राहिले. आपण स्वर, मात्रा जशा जपतो तशी ही पोर तांदळाचे दाणे जपते, असे त्यांच्या मनात आले.

जानकीकाकू आल्या त्या पिशवी काखोटीला मारूनच. रंगभूषाकार चंद्रप्रकाश त्यांच्या पायांशी बसला आणि त्याने सुस्कारा सोडला.

"काय रे, भेगा बघून घाबरलास?" काकूंनी विचारले.

"नाही काकू. मी एका हिरोला रोज वीस वर्षांनी लहान करतो. तुमचे पाय तर सोपे आहेत. पाय बोलत नाहीत ना मधेमधे."

त्याने भेगा बुजवल्या, रंग चढवला. तेजलने छायाचित्र समोर धरून मेंदीची नक्षी काढून घेतली. अंगठ्याजवळची कोयरी, तिच्या शेपटापाशी तीन ठिपके, घोट्याकडे गेलेली वेल. सगळे जुळले. मग तेजलचा चेहरा पडला.

"जोडवी."

रुचिकाची जोडवी मालिकेच्या कपाटातली, एकेरी वळ्याची होती. काकूंच्या बोटात त्यांच्या सासूबाईंनी घातलेली जाड, पेडांची जोडवी होती. चंद्रप्रकाशने साबण आणला, खोबरेल आणले.

"ओढ की," काकू म्हणाल्या, "पण आधी सांगते, बाळंतपणात नर्सबाई ओढून दमल्या होत्या."

जोडवी तसूभर हलली नाहीत. कृणाल घड्याळाकडे पाहत येरझाऱ्या घालत होता. "गेलं! आता जोडव्यांवर लाल गोल येणार."

तेजल जमिनीवर पालथी झोपली, कॅमेऱ्याच्या उंचीवर डोळा आणला आणि काही वेळ तशीच राहिली. मग उठून तिने शालूच्या निऱ्या दोन बोटे खाली सोडल्या. "पाऊल उचललं की काठ बोटांवर येईल, अंगठा तेवढा बाहेर. अंगठ्याला जोडवं नसतंच. काकू, पाय जास्त उचलू नका."

"बाई, गुडघे कुठे उचलू देतात!"

गुरुजींना विकीचा पीतांबर नेसवला गेला. केशरी, जरीचा, नवऱ्या मुलाचा. दिव्यांवरच्या पोरांपासून चहावाल्यापर्यंत सर्वांनी शिट्ट्या वाजवल्या. कानांच्या पाळ्या लाल झालेले गुरुजी होमापाशी आले, आणि तिथे शालू नेसलेल्या जानकीकाकू उभ्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले. काकूंनी डोळे वटारले, "बघू नका असे. शालूला पिना लावल्यात, हसले की टोचतात."

"कृणालराव," गुरुजी म्हणाले, "मधूनच आरंभ करता यायचा नाही. पहिल्या पावलापासून यावे लागेल. कॅमेरा तुम्ही सातव्यालाच चालवा."

"या, या, पहिल्यापासून या, पण या!"

राशी मोडलेल्याच होत्या, त्यांवरून दोघे चालू लागले. गुरुजींनी पत्नीचा हात हातात घेतला आणि पहिला मंत्र म्हटला. पहिल्या पावलाला लोक अजून खुसखुसत होते. दुसऱ्याला थोडे कमी. तिसऱ्या पावलाला काकूंचा गुडघा कुरकुरला आणि त्यांनी हातावर भार दिला. गुरुजींनी तो पेलला. चौथ्याला यंत्रांची धडधड तेवढी ऐकू येत होती. पाचवे पडले. सहावे पडले. कॅमेरामनने लाल दिवा लावला. तेजल श्वास रोखून उभी होती. तिच्या बोटांची पेरे टॅबलेटवर पांढरी पडली होती. समोर तांदळाची अखंड रास, वर सुपारी.

काकूंचे पाऊल पुढे सरकले. गुरुजींनी सातव्या मंत्राचे पहिले शब्द उच्चारले, आणि जन्मभराच्या सवयीने पुढे म्हणाले, "म्हणा."

आणि थांबले.

कोणीच काही म्हणेना. हजारो वरांना त्यांनी हा मंत्र सांगितला होता. आधी स्वतः म्हणायचे, मग 'म्हणा' म्हणून वराच्या अडखळत्या उच्चाराची वाट पाहायची. आताही ते तीच वाट पाहत उभे होते, डावीकडे, जिथे वर असतो त्या दिशेला मान वळवून. तिथे कोणी नव्हते.

"अहो," जानकीकाकू हळूच म्हणाल्या, "आता कोणाला सांगताय? नवरदेव तुम्हीच. तुम्हीच म्हणा."

"कट!" कृणाल ओरडला, आणि ओरडतानाच तोही हसू लागला. शेड दणाणून गेली. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या तोंडावर काही निराळेच उमटले होते. ते स्वतः नवरा मुलगा होते त्या दिवशी त्यांचे वय लहान, मंत्र पाठ, आणि सारे लक्ष आपला स्वर चुकू नये याकडे. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला आपण काय म्हणत आहोत, हे त्या दिवशी त्यांनी ऐकलेच नव्हते. आणि त्यानंतर आजवर म्हटले ते सारे दुसऱ्यांसाठी.

"रास शाबूत आहे!" तेजल आनंदाने ओरडली. "अंगठा टेकला नाही अजून! कोणी हलू नका. काकू, पाय तिथेच. सर, इथूनच घ्या!"

"पाय इथेच ठेवून मी किती वेळ उभी राहू?"

"दोन मिनिटं, काकू, प्लीज!"

"तुझ्यासाठी राहते. ह्यांच्यासाठी नाही."

पुन्हा लाल दिवा लागला. धूर डावीकडून आला. गुरुजींनी पत्नीकडे पाहिले. दिग्दर्शकाची सूचना पायांकडे पाहण्याची होती, पण चेहरा दृश्यात नव्हता, म्हणून कोणी अडवले नाही. त्यांनी सातवा मंत्र म्हटला. कोणाला सांगण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी नव्हे. ज्या अर्थासाठी तो रचला गेला त्या अर्थाने, जिला उद्देशून म्हणायचा तिला उद्देशून. आवाज तोच होता, खणखणीत, पण शेवटच्या अक्षरावर तो इतका मऊ झाला की ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानांवरचे यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरले.

शालूचा काठ हलला, मेंदीचा अंगठा पुढे आला, आणि सातवी रास मोडली. सुपारी घरंगळत होमाच्या कडेशी जाऊन थांबली.

कोणीतरी 'कट' म्हणायला हवे होते. कृणाल विसरला होता.

"सर," तेजल कुजबुजली.

"हं. कट. ओके." त्याने घसा साफ केला. मग एकदम, "ओके! ओके रे! पाठवा एडिटला, पळा!" आणि शेडमध्ये असा जल्लोष उठला की शेजारच्या कारखान्यातले कामगार दारात येऊन डोकावू लागले. विकीने नाचायला सुरुवात केली. रुचिका जानकीकाकूंच्या गळ्यात पडली आणि दोघींच्याही पिना एकमेकींना टोचल्या.

तेजल नाचत नव्हती. ती पडद्यावर नवे दृश्य पुन्हा पुन्हा थांबवून पाहत होती. राशी, पाकळ्या, काठ, धूर. शेवटी तिने मान वर केली. "बसतंय," ती म्हणाली. मग स्वतःलाच पटवावे तशी पुन्हा म्हणाली, "बसतंय!" आणि तिचे डोळे भरून आले.

कृणाल फोन कानाला लावून दूर गेला होता, पण त्याचे हळू बोलणेसुद्धा सर्वांना ऐकू जाई. "हां, सॉरी गं. नको येऊस उद्या. नाही, तसं काही नाही. आमची आहे इथे." परत येऊन त्याने तेजलकडे न पाहता सांगितले, "उद्या सातचा कॉलटाईम आहे. उशीर करू नकोस." ती म्हणाली, "मी कधी केलाय?" त्याने कान पकडले. तेवढी क्षमा त्या दोघांना पुरली.

मग तो गुरुजींकडे वळला. "पुढच्या वेळी नेम असेल तर आधी सांगा हं, गुरुजी."

"तुम्हाला नाही," गुरुजी म्हणाले. "तेजलला सांगेन."

संध्याकाळी चारकोपच्या नाक्यावर जानकीकाकू आणि गुरुजी रिक्षाची वाट पाहत उभे होते. काकूंच्या पायांवर मेंदी तशीच होती. येणारेजाणारे वळून पाहत. काकूंनी विचारले, "काय हो, त्या मंत्राचा अर्थ काय म्हणालात तुम्ही?" इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारले नव्हते, कारण गुरुजींनी कधी सांगितले नव्हते. गुरुजींनी रस्त्याच्या गोंगाटात, त्यांच्या कानाशी वाकून, तो सावकाश सांगितला. रिक्षा आली तेव्हा काकू आधी चढल्या आणि गुरुजींसाठी जागा करून बसल्या.

दुसऱ्यांच्या कथेतला धागा तुटू नये म्हणून जी डोळ्यांत तेल घालून जागते, त्या मुलीच्या आयुष्याचा धागा अखंड राहो. रुचिकाचे सातवे पाऊल मार्गशीर्षात सुखाच्या उंबऱ्यात पडो. आणि उशिरा का होईना, ज्यांनी आपलाच मंत्र आपल्या कानांनी ऐकला, त्या दोघांची वाट सोबतीने सरो.